काट्यानं जेवणं कधी सुरू झालं? पुतणीच्या प्रकल्पासाठी माहिती पाहिजे

अरुणावतीकाठ

नमस्कार मंडळी. मी आर्णी तालुक्यातला शेतकरी, कपाशी आणि तुरीवाला. इथं सहसा वाचतो, लिहीत नाही. आज लिहायचं कारण माझी पुतणी. थोरल्या भावाची पोरगी. बारावीपर्यंत एसटीनं तालुक्याला जाणं-येणं करून शिकली आणि यंदा तिला नागपूरला हॉटेल मॅनेजमेंटला प्रवेश मिळाला. आमच्या गावातून या शिक्षणाला गेलेली ती पहिलीच.

तिथं टेबल मांडायचा तास झाला. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, सुरीची धार ताटाकडे. हे तिला लगेच जमलं. पण शिकवता शिकवता तिथले एक जण बोलून गेले की सुधारलेले लोक पहिल्यापासून काट्यानंच जेवत आलेत, हातानं जेवणं हे मागास राहिल्याचं लक्षण. वर्गात कोणी काही बोललं नाही. रात्री तिचा फोन आला. "काका, आपल्या घरी रोडगे काय, पुरणपोळी काय, सारं हातानंच चालते. आपन अडाणी हावो काय?" त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

आता तिला एका भांड्याचा किंवा साधनाचा इतिहास लिहून आणायचा आहे, आणि तिनं मुद्दाम काटाच निवडला. नुसतं रागानं बोलून काही होत नाही, तिच्या हातात खरी माहिती पाहिजे. युरोपातले लोक काट्यानं कधीपासून जेवू लागले? त्याआधी कशानं जेवत? आपल्याकडे काटा काहून आला नाही? आणि त्याला चार दाते कसे आले? जाणकारांनी सांगावं.

मोर्शीची संत्री

भाऊ, मी वाचलं ते असं. १५३३ मध्ये इटलीची कॅथरीन द मेडिची लग्न होऊन फ्रान्सच्या राजघराण्यात गेली, तिनं सोबत काटे नेले, आणि तिथून ते साऱ्या युरोपात पसरले. एवढं पुरते का पाहा. पोरीला शुभेच्छा.

गाविलगड

अरुणावतीकाठ भाऊ, तुमचं लिहिणं वाचून गप्प बसवलं नाही. मी अचलपूर तालुक्यात इतिहास शिकवायचो, आता निवृत्त आहे. पण काट्याशी ओळख त्याच्या फार आधीची. माझे वडील मेळघाटातल्या एका विश्रामगृहावर स्वयंपाकी होते. साहेब लोक मुक्कामाला येणार असले की लाकडी पेटीतून काटे-सुऱ्या निघायच्या, राखेनं घासल्या जायच्या आणि पुसायचं काम माझ्याकडे असायचं. वडील आत टेबल लावून देत, मग मागच्या पडवीत येऊन अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर हातानं खात. ना साहेबाच्या काट्याला त्यांनी कधी नाव ठेवलं, ना स्वतःच्या हाताला. म्हणून त्या वर्गात पोरीला जे ऐकावं लागलं, ते मला फार लागलं.

तिला पहिलं हे सांगा की काटा मुळात चुलीजवळचा. उकळत्या भांड्यातून मांस वर काढायला, भाजताना धरून ठेवायला लांब दांड्याचे दोन दात्यांचे काटे ग्रीसमध्ये होते, रोममध्येही होते. बायबलच्या जुन्या करारात, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, मांस शिजत असताना याजकाचा नोकर तीन दात्यांचा काटा घेऊन येतो आणि भांड्यात खुपसतो. चीनमध्ये तर चार हजार वर्षांपूर्वीचे हाडाचे काटे सापडलेत. म्हणजे आपल्या घरातल्या सांडशी-सराट्यासारखी ही वस्तू, स्वयंपाक करणाऱ्याची. जेवणारा बोटांनीच जेवायचा.

घास तोंडात घालायला काटा वापरायची रीत इराण आणि बायझंटाइन साम्राज्याच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलवरून चालणाऱ्या पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या, बाजूला आधी दिसते. तिथून ती व्हेनिसला कशी गेली त्याची एक नोंद आहे. अकराव्या शतकात बायझंटाइन घराण्यातली एक राजकन्या व्हेनिसच्या डोजच्या, म्हणजे तिथल्या प्रमुखाच्या, घरात आली. ती अन्नाला बोट लावत नसे. सेवक बारीक तुकडे करून देत आणि ती ते सोन्याच्या छोट्या काट्यानं तोंडात घाली. पीटर डेमियन नावाच्या धर्मगुरूला हे इतकं खटकलं की ती पुढे आजारी पडून मेली तेव्हा त्यानं तिच्या मरणाचा संबंध या चोचल्यांशी जोडला. पोरीला म्हणा, हा प्रसंग प्रकल्पात घालच. आज हाताला मागास म्हणणारे आहेत, तसे तेव्हा युरोपात काट्याला पाप म्हणणारे होते, आणि ते साधेसुधे नव्हते, चर्चचे मोठे विद्वान होते.

पुढची काही शतकं काटा मुख्यतः इटलीतच रमला. तिथं शेवयांसारखे लांब, गरम, निसरडे पदार्थ आले होते, त्यांना तो सोयीचा पडला. बाकी युरोप बोटं, सुरी आणि चमचा यांवर जेवत राहिला. १५३० साली इरॅस्मस नावाच्या डच विद्वानानं लहान मुलांच्या वागणुकीवर पुस्तिका लिहिली. जेवणाआधी हात धुवा, तेलकट बोटं चाटू नका, अंगरख्याला पुसू नका, रुमालाला पुसा, असं त्यात आहे. हे हातानं जेवणाऱ्यांचे नियम आहेत, आणि ते एका सरदाराच्या पोराला उद्देशून लिहिलेले आहेत. आपल्या आया तरी दुसरं काय शिकवत होत्या?

मोर्शीच्या भाऊंनी सांगितलेली कॅथरीनची गोष्ट जिकडेतिकडे छापली जाते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याच्या चौदाव्या शतकातल्या चीजवस्तूंच्या यादीतच काटे आहेत. उलट कॅथरीननंतर शंभरेक वर्षांनी गादीवर आलेला चौदावा लुई, ज्याच्या दरबाराचे शिष्टाचार सारा युरोप गिरवायचा, तो स्वतः बोटांनी जेवायचा.

आता माझा आवडता माणूस. टॉमस कोरिएट. इंग्लंडच्या सॉमरसेट भागातल्या एका पाद्र्याचा मुलगा. १६०८ मध्ये तो व्हेनिसपर्यंत गेला, परतीची बरीच वाट पायी चालला, आणि १६११ मध्ये प्रवासवर्णन छापलं. त्यात तो नवल करून सांगतो की इटलीतले लोक मांस कापताना एका हातात सुरी धरतात आणि दुसऱ्या हातातल्या छोट्या काट्यानं तुकडा दाबून ठेवतात. ताटातल्या मांसाला कोणी बोट लावलं तर बाकीचे रागावतात. कारणही देतो: सगळ्यांचीच बोटं सारखी स्वच्छ नसतात. त्यानं स्वतः इंग्लंडात परतल्यावर काटा वापरायला सुरुवात केली, तर मित्रांनी त्याला चिडवायचं नाव ठेवलं. १६११ साली लंडनमध्ये काट्यानं जेवणं म्हणजे चेष्टेचा विषय, हे त्या शिकवणाऱ्यांना जरूर सांगावं.

आणि हाच कोरिएट पुढे आपल्या देशात आला! तुर्कस्तान, जेरुसलेम, इराण, कंदाहार, लाहोर, आग्रा, असा बराचसा चालत चालत १६१५ मध्ये अजमेरला पोचला. जहांगीरच्या झरोक्याखाली उभं राहून त्यानं फारसीत भाषण केलं आणि बादशहानं वरून शंभर रुपये टाकले. १६१७ च्या डिसेंबरात तो सुरतेला वारला. इंग्रजांना काट्याची खबर देणाऱ्या माणसानं आयुष्याची शेवटची वर्षं हातानं जेवणाऱ्या लोकांत काढली आणि त्याची मातीही इथंच झाली. मला हे कुठल्याही राजा-राणीच्या गोष्टीपेक्षा मोठं वाटतं. पोरीनं कोरिएटला एक अख्खं पान द्यावं.

कोरिएटनं दिलेलं कारण नीट पाहिलं की तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हाती लागतं. त्या काळच्या आणि त्याआधीच्या युरोपी टेबलावर मधोमध मोठं ताट असायचं, त्यात मांसाचा मोठा तुकडा, आणि ज्याच्या त्याच्या सुऱ्या-बोटं त्यात. ताटली म्हणून जाड शिळ्या पावाचा काप, तोही कधी दोघांत एक. पेलाही फिरता. अशा ठिकाणी दुसऱ्याचं बोट आपल्या अन्नाला लागतं, हा खरा त्रास होता. त्यावर त्यांनी काढलेला उपाय काटा.

आपल्या गावजेवणात तो त्रासच वेगळ्या रीतीनं सोडवलेला. पळसाच्या पानांची पत्रावळ ज्याची त्याची. वाढपी वरून वाढतो, त्याचा हात तुमच्या पानाला लागत नाही. उष्ट्या हातानं गंजाला, म्हणजे अन्नाच्या पातेल्याला, शिवायचं नाही, हे पोराला बोलता येण्याआधी कळतं. एकाच हातानं जेवायचं, दुसरा कोरडा ठेवायचा. आणि ताटात येणाऱ्या वस्तूंत कापण्यासारखं काही नसतंच. वांगी, आलू विळीवर चिरून झालेले, मटणाचे तुकडे खाटकाकडून, पोळी-भाकर बोटांनी मोडणारी. काटा आणि सुरी ही जोडी आहे. सुरीचं काम स्वयंपाकघरातच उरकलं तर ताटाशी काटा काय धरून ठेवणार? चिनी लोकांनीही कापाकापी आतच ठेवली आणि बाहेर काड्यांनी जेवले.

म्हणजे काटा हा सुधारणेच्या वाटेवर सगळ्यांनाच लागणारा टप्पा आहे असं कुठंच दिसत नाही. अरबस्तानात आणि इथिओपियात आजही एका मोठ्या परातीभोवती बसून हातानं जेवतात. अरबांकडे नेम असा की आपल्या पुढ्यातलंच घ्यायचं, पलीकडे हात घालायचा नाही. त्यांचं अडलं नाही.

दात्यांचं थोडक्यात सांगतो. जुने काटे दोन सरळ दात्यांचे. मांस दाबून ठेवायला उत्तम, पण उचलायला कच्चे, वाटाणा मधून निसटायचा. सतराव्या-अठराव्या शतकांत तिसरा आणि चौथा दाता आला आणि दाते वाकवले गेले, त्यामुळे काट्यानं उचलताही येऊ लागलं. मग सुरीच्या टोकावर घास घेऊन तोंडात घालायची गरज संपली. १६६९ मध्ये चौदाव्या लुईनं टोकदार सुऱ्यांवर बंदीच आणली आणि जेवणाच्या सुऱ्यांची टोकं गोल झाली. साध्या लोखंडी काट्याला आंबट पदार्थात लोखंडाची चव यायची, चांदी श्रीमंतांनाच परवडायची. १९१३ मध्ये इंग्लंडातल्या शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं न गंजणारं पोलाद काढलं, आणि त्यानंतर चांगला काटा सर्वांच्या आवाक्यात येत गेला. तुमच्या घरातली स्टीलची ताटं-वाट्याही अशाच न गंजणाऱ्या पोलादाची.

सेवाग्राम जवळ आहे म्हणून आणखी एक. ४ सप्टेंबर १८८८ ला अठरा वर्षांचे मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेच्या बोटीत बसले. काटे-सुऱ्या कशा धरायच्या ते माहीत नव्हतं, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर नव्हता. म्हणून टेबलावर गेलेच नाहीत, खोलीतच बसून घरून नेलेली मिठाई आणि फळं खाल्ली. हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणी लिहिलं आहे. पोरीला म्हणावं, तुझ्यासारखं वाटलेले लोक आधीही होऊन गेले.

दारव्ह्याची लेक

गाविलगड सर, तुमचं सगळं वाचलं आणि कोरिएटची गोष्ट माझ्या मुलालाही वाचून दाखवली. पण पंगतीबद्दल एक बाजू राहिली, ती मी लिहिते.

ज्याची त्याची पत्रावळ, वरून वाढणं, हे तुम्ही स्वच्छतेच्या बाजूनं सांगितलं. आमच्या आज्यासाठी त्याचा अर्थ वेगळा होता. गावच्या लग्नात आमच्या वस्तीची पंगत सगळ्यांत शेवटी, मांडवाच्या बाहेर. वाढणारा वरून वाढायचा तो आम्हाला शिवू नये म्हणून. हात कितीही घासून धुतलेला असो, तो हात कोणाचा आहे हे आधी पाहिलं जायचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजा आणि आजी नागपूरला दीक्षेसाठी गेले. आजी सांगायची की त्या गर्दीत बांधून नेलेली भाकर अनोळखी लोकांसोबत बसून खाल्ली, आणि कोणी कोणाला गाव-आडनाव विचारलं नाही.

म्हणून त्या पोरीनं पत्रावळीची थोरवी लिहिताना हेही लिहावं. कोणाच्या हाताला विटाळ म्हणणं आणि कोणाच्या हाताला मागास म्हणणं, दोन्हींत जेवणाऱ्याचा अपमान सारखाच आहे. आपल्याच अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा फुटक्या गाडग्यात मिळेल ते घेऊन जेवले, आणि आयुष्यभर जातीभेदावर कीर्तनातून कोरडे ओढले. जेवणाच्या साधनांवर लिहायचं तर त्या गाडग्याला जागा पाहिजे.

गाविलगड

ताई, हे प्रकल्पात गेलंच पाहिजे. तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं.

यालाच जोडून युरोपातली एक गोष्ट तिला देता येईल. जुन्या सरदारांच्या जेवणघरात लांब टेबलावर मिठाचं मोठं भांडं ठेवलेलं असे. मानाची माणसं त्याच्या वरच्या बाजूला, हलक्या दर्जाची खालच्या बाजूला. कोण कुठं बसला यावरून त्याची लायकी ठरायची. पुढे काट्याचंही तेच केलं गेलं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या धनिकांकडे माशाचा वेगळा काटा, फळांचा वेगळा, कालवांचा वेगळा. इतके प्रकार अन्नासाठी लागत नाहीत. नवखा माणूस टेबलावर बसल्याबरोबर ओळखू यावा, हाही त्यांचा उपयोग होता. तुमच्या पुतणीला हॉटेलात हेच सगळे काटे मांडायचे आहेत, तर ते का वाढत गेले हे तिला ठाऊक असू द्या.

अरुणावतीकाठ

सर, ताई, तुमचे उपकार कसे मानू? पोरगीला काल रात्री फोनवर सारं वाचून दाखवलं. कोरिएट ऐकून ती म्हणाली, "काका, हा मानूस तं आपल्यासारखाच पायी चालनारा निंघाला." ताईंचं लिहिणं ऐकून मात्र बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की हे ती शब्द न बदलता लिहील. ताई, तुमची परवानगी आहे असं धरतो, नसेल तर सांगा.

आता तिची एक अडचण. पुढच्या महिन्यात प्रात्यक्षिक परीक्षा आहे आणि टेबलावर बसून जेवूनही दाखवायचं आहे. मांस, उकडलेल्या भाज्या जमतात. भात आला की गडबड होते. भात काट्यानं खायचा कसा, हे कोणी सांगेल काय?

दारव्ह्याची लेक

भाऊ, परवानगी आहे. आजीचं नाव मात्र नको.

चिखलीचा स्टुअर्ड

काका, मी बुलढाणा जिल्ह्यातला, पुण्यात एका हॉटेलात स्टुअर्ड आहे. माझंही शिक्षण हेच, त्यामुळे तुमच्या पुतणीच्या, म्हणजे आमच्या ताईच्या, पोटात काय कालवत असेल ते मला माहीत आहे.

भाताचं असं. काटा डाव्या हातात दाते खाली करून धरला तर भात त्याच्या पाठीवर बसवावा लागतो, तो इंग्रजी प्रकार. तो जमायला वेळ लागतो आणि परीक्षेत सांडायची भीती. सोपा मार्ग म्हणजे कापायचं काही नसेल तेव्हा सुरी ताटाच्या कडेला ठेवायची, काटा उजव्या हातात घ्यायचा, दाते वर, आणि भाताखालून सरकवून थोडाच उचलायचा. भरून घेऊ नये. अमेरिकेत असंच जेवतात, चूक धरत नाहीत.

त्याहून चांगलं उदाहरण थायलंडचं. ते आपल्यासारखे भात खाणारे. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, आणि काट्यानं भात चमच्यावर ढकलायचा. भाताच्या जेवणात काटा तोंडात घालणं तिथं बरं दिसत नाही. म्हणजे युरोपचा काटा त्यांनी घेतला आणि आपल्या भाताला जुळेल असं त्याचं काम बदललं. आमच्या हॉटेलात थाई पाहुणे येतात, त्यांचं पाहूनच मी शिकलो. परीक्षकांनी विचारलं तर ताईनं हे सांगावं, त्यांना आवडेल.

बाकी लक्षात ठेवायचं थोडंच. सुरी तोंडात घालायची नाही. मधे थांबायचं असेल तर काटा आणि सुरी ताटात तिरपे, एकमेकांपासून लांब ठेवायचे. जेवण झालं की दोन्ही शेजारी शेजारी समांतर. वाढणारा तेवढ्यावरून ताट उचलायचं की नाही ते ठरवतो, तोंडानं विचारत नाही. एकापेक्षा जास्त काटे मांडले असतील तर बाहेरच्या बाजूनं सुरुवात करायची. समोर वरण-भात आला तर सरळ चमचा मागायचा. तो मागण्यात काही कमीपणा नाही, मोठमोठे पाहुणे मागतात आणि मी रोज आणून देतो.

ताई, परीक्षेआधी काही अडलं तर इथंच लिही. माझी रात्रपाळी असते, पहाटे सुटलो की पाहतो आणि उत्तर देतो.